कादंबरी वाचल्यावर

दिवाळीची सुटी संपून वर्ग पुन्हा भरू लागले, की पहिल्याच तासाला मी मुलांना एक प्रश्न विचारीत असतो, "सुटीत काय वाचले?" या वर्षीही तो विचारला. नववीच्या वर्गात दहाबारा हात वर आले आणि माझ्या मनाला समाधान वाटले. परंतु "कशी वाटली कादंबरी?" हा दुसरा प्रश्न विचारताच ते समाधान ओसरू लागले. पहिला विद्यार्थी म्हणाला, "छान आहे." दुसरा म्हणाला, "खूप छान आहे." तिसऱ्याने "बोधप्रद आहे" असे सांगून लगबगीने खाली बसून घेतले. दीडदोनशे पानांच्या सहवासात चार दिवस घालवून आलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे एवढेच असावे, याचे मला नवल वाटले.

इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली व हळूच म्हणाली, "सर, मी 'श्यामची आई' वाचली. मला ती आवडली नाही."

सारा वर्ग स्तब्ध झाला. खरे सांगावयाचे तर मलाही क्षणभर राग आला. ज्या पुस्तकाने माझ्या आजोबांच्या, वडिलांच्या आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आणले, त्याविषयी हे शब्द! "असे बोलू नये," हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. सुदैवाने मी ते गिळले आणि विचारले, "का आवडली नाही?"

ती म्हणाली, "आई सगळ्यांसाठी झिजते. कर्जापायी घरदार जाते तेव्हाही तीच सोसते. पण तिला स्वतःला काय हवे होते, हे कोणीच तिला विचारीत नाही."

त्या तासात वर्गाने ऐकलेले पहिले खरे मत ते होते. ते मला पटले की नाही, हा प्रश्न निराळा. पण त्या मुलीने पुस्तक वाचले होते, त्यावर विचार केला होता आणि आपल्या नावडीचे कारण तिने पुस्तकातूनच काढून दाखविले होते. 'छान आहे' म्हणणाऱ्या बाराजणांच्या बोलण्यावर पुढे काही बोलता येईना. हिच्या बोलण्यावर मात्र दोन दिवस वर्ग बोलत राहिला. वाचलेल्या कादंबरीविषयी मत म्हणजे काय, ते कसे बनते आणि कसे सांगावे, याविषयी या अंकात चार शब्द लिहावे अशी इच्छा त्या दोन दिवसांमुळेच झाली.

प्रथम कुमार-कादंबरी कशास म्हणतात ते पाहू. लहान मुलांसाठी राजाराणीच्या व पशुपक्ष्यांच्या गोष्टी असतात. मोठ्यांसाठी संसाराच्या, समाजाच्या व इतिहासाच्या कादंबऱ्या असतात. या दोहोंच्या मध्ये बारा ते अठरा वर्षांचे जे वय आहे, त्या वयाच्या वाचकांसाठी ही कादंबरी असते. तिचा नायक किंवा नायिका सहसा वाचकाच्याच वयाची असते. आईवडिलांचे बोट सुटून स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याचा प्रसंग तिच्यावर प्रथमच येतो. तो निर्णय कधी धाडसाचा असतो, कधी मैत्रीचा, तर कधी केवळ खरे बोलण्याचा.

मराठीत या वाङ्मयाची परंपरा चांगली समृद्ध आहे. ना. धों. ताम्हनकर यांचा 'गोट्या' आणि त्यांचीच 'चिंगी' यांनी आपल्या आजीआजोबांच्या पिढीला हसविले. भा. रा. भागवत यांनी 'फास्टर फेणे' हा सायकलवरून वाऱ्यासारखा धावणारा, 'ट्टॉक' असा आवाज काढणारा पुण्याच्या शाळेतील मुलगा निर्माण केला आणि वीस पुस्तकांतून त्याच्या करामती सांगितल्या. हे भागवत ३१ मे १९१० रोजी इंदूरला, म्हणजे आज आपल्याच राज्यात असलेल्या शहरात, जन्मले होते. मराठी मुलांचा सर्वांत चपळ नायक ज्यांनी घडविला, त्यांचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा होता, ही गोष्ट आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. पुढे २००४ साली मिलिंद बोकील यांची 'शाळा' प्रसिद्ध झाली. ती नववीतील मुकुंद जोशी याच्या तोंडून सांगितलेली असून १९७५ च्या आणीबाणीचा काळ तिच्या पाठीशी आहे. शिवाय परभाषांतून आलेली लेणी आहेतच. लुइझा मे अल्कॉट यांच्या कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला 'चौघीजणी' हा अनुवाद आणि मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला 'पाडस' हा अनुवाद, हे दोन ग्रंथ आपल्या ग्रंथालयातून नेण्याची मी प्रत्येकाला शिफारस करतो.

आता मताकडे वळू. 'आवडले' किंवा 'आवडले नाही' ही भावना होय. ती आपोआप उमटते आणि तिच्यावर कोणाची सक्ती चालत नाही. परंतु भावना म्हणजे मत नव्हे. भावनेला 'का?' असा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर पुस्तकातील एखाद्या प्रसंगावर बोट ठेवून द्यावे, म्हणजे तिचे मत बनते. हे बोट ठेवणे फार महत्त्वाचे आहे. "आई चांगली आहे," असे म्हणण्याने ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. पण "भाजीत मीठ घालायचे राहून गेले होते, तरी वडिलांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि आईला ते कळले तेव्हा तिला फार वाईट वाटले, त्या घरातील माणसे एकमेकांना किती जपत होती, हे मला त्यावरून समजले," असे कोणी म्हटले, तर ज्याने पुस्तक वाचले नाही त्यालाही ते उघडून पाहावेसे वाटते.

आमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी असेच घडले. एक मुलगा रात्री पुस्तक पुन्हा चाळून आला होता. तो म्हणाला, "सर, आई नुसती सोसत नाही. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन वाटेल ते बोलतो, तेव्हा ती त्याला खडसावते. आमच्या घरीही कापसाच्या हंगामाआधी उधारी असते. माणूस दाराशी आला की आई काय करते, ते मी पाहिले आहे. म्हणून तो भाग मला दोनदा वाचावासा वाटला." वर्गात कोणी हसले नाही. पहिली मुलगी जरा वेळ विचार करून म्हणाली, "तो भाग मी भरभर वाचला होता. पण माझा प्रश्न तसाच आहे." मला दोघांचाही अभिमान वाटला. तिने आपले मत सोडले नाही. मात्र आपण एक पान घाईने उलटले, हे तिने मोकळ्या मनाने कबूल केले.

जुन्या पुस्तकाविषयी बोलताना त्याचा काळ ध्यानात घ्यावा लागतो, हेही त्या वेळी बोलण्यात आले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. तीत वर्णिलेले कोकणातील बालपण त्याहूनही पूर्वीचे आहे. त्या काळातील स्त्रीला तिची इच्छा विचारण्याची रीत बहुतेक घरांत नव्हती. तेव्हा लेखकाने ते दाखविले नाही हा दोष लेखकाचा की काळाचा, याचा विचार झाला पाहिजे. परंतु काळाचे कारण पुढे करून विद्यार्थ्याचा प्रश्न दाबून टाकणे हेही योग्य नव्हे. आणखी एक गंमत पाहा. या पुस्तकात श्याम आश्रमातील आपल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, आणि ते मित्र ऐकतात, गहिवरतात, आपसांत बोलतात. म्हणजे ऐकलेल्या गोष्टीवर चार जणांनी मिळून बोलावे, हा पाठ त्या पुस्तकाच्या रचनेतच दिलेला आहे.

एकाच पुस्तकाविषयी दोन चांगली मते परस्परविरोधी असू शकतात काय? अवश्य असू शकतात. 'पाडस'चे उदाहरण घ्या. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या रानात राहणाऱ्या एका गरीब कुटुंबातील ज्योडी नावाचा मुलगा हरणाचे पाडस पाळतो. ते वाढते आणि ज्या पिकावर त्या कुटुंबाचे वर्षाचे पोट अवलंबून आहे, ते पीक खाऊ लागते. पुढे काय होते ते मी सांगत नाही. वर्गातील बाजारपेठेत राहणारी एक मुलगी म्हणाली, "ज्योडीचे वडील निष्ठुर वाटले." त्यावर खेड्यातून येणारा एक मुलगा म्हणाला, "आमच्या वावरात रोही आणि रानडुकरे शिरतात. रात्रभर जागल करूनही सकाळी अर्धा पट्टा आडवा झालेला दिसतो. मला वडिलांचा राग आला नाही. त्यांची कीव आली." कोणाचे मत बरोबर? दोघांनी तीच पाने वाचली होती. एकीने ती पाडसाच्या बाजूने वाचली, दुसऱ्याने पिकाच्या बाजूने. लेखिकेने दोन्ही बाजू इतक्या खऱ्या रंगविल्या आहेत, म्हणूनच त्या कादंबरीला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि म्हणूनच ती सातासमुद्रांपलीकडच्या आपल्या शिवारातही समजते. त्या मुलीला शेतकऱ्याची रात्र कळली, त्या मुलाला पाडसाचा लळा पुन्हा आठवला. एकट्याने वाचून हे झाले नसते.

मतभेद सहन होत नसले, की बोलण्याचे भांडण होते. आपल्या पांढुर्ण्याला हे निराळे सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडावरचा झेंडा आणि दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव! त्यात कित्येकांची डोकी फुटतात. ती प्रथा कशी आली आणि तिचे काय करावे, हा आजच्या लेखाचा विषय नाही. पण पुस्तकावरील चर्चेत आपण पुष्कळदा तेच करतो. आपण आपल्या तीरावर उभे राहतो आणि "तुला काय कळते?", "हे तर लहान मुलांचे पुस्तक", "मुलींच्या गोष्टी मी वाचत नाही" असे गोटे पलीकडे भिरकावतो. यातील एकही वाक्य पुस्तकाविषयी नसते. प्रत्येक वाक्य समोरच्या माणसाविषयी असते. मत मांडताना पुस्तकाबद्दल बोलावे, ते वाचणाऱ्याच्या कुवतीबद्दल बोलू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भांडणे मिटतील.

दुसरा नियम शेवटाविषयीचा. आमच्या वर्गात एका उत्साही विद्यार्थ्याने 'शाळा'चा शेवट भर वर्गात सांगून टाकला, आणि ती कादंबरी नेण्यासाठी नाव नोंदविलेल्या तिघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले! कथानकाचा आरंभ सांगावा, पेच सांगावा आणि थांबावे. पुढील वाट ज्याची त्याला चालू द्यावी.

'शाळा'वरूनच पालकांना उद्देशून दोन शब्द लिहितो. कारण हा अंक घरोघरी वाचला जातो. त्या कादंबरीत नववीतील मुलाला एका मुलीविषयी वाटणारी ओढ आहे, मित्रांच्या टवाळ गप्पा आहेत, शिक्षकांची थट्टाही आहे. "असले पुस्तक मुलांच्या हाती का देता?" असे एका पालकांनी मला विचारले. त्यांची काळजी मी समजू शकतो. मी त्यांना एवढीच विनंती केली, की आपण ती स्वतः वाचावी आणि मग मुलाशी बोलावे. पंधरा दिवसांनी ते पुन्हा भेटले. ती कादंबरी मुलांना द्यावी, असे त्यांचे मत झाले नव्हते, पण ते म्हणाले, "मुलगा माझ्याशी इतका वेळ पूर्वी कधी बोलला नव्हता." ज्या गोष्टी बापाने मुलाला आणि मुलाने बापाला समोरासमोर विचारायला संकोच वाटतो, त्या पुस्तकातील पात्राच्या आडून विचारता येतात. मुकुंदाने असे करावयास हवे होते का, हा प्रश्न सोपा असतो. तू असे करशील का, हा कठीण.

आता जी गोष्ट माझ्या मनात सर्वांत खोल आहे, तिच्याकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा येथील मराठी कुटुंबेही या बाजूला राहिली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. पण आपली भाषिक स्थिती तीच आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी. हिंदीशी आपले वैर नाही. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधील हमीद आपल्या दादीसाठी चिमटा विकत घेतो, तेव्हा त्याच्या शेजारी श्यामला बसवून पाहण्याचे भाग्य दोन्ही भाषा येणाऱ्यालाच लाभते. परंतु जी भाषा केवळ चुलीपाशी बोलली जाते आणि जिच्यात कोणी विचार मांडीत नाही, ती हळूहळू चुलीपुरतीच उरते. आपल्या मुलांना मराठीत जेवायला मागता येते, रुसता येते; पण एखादी गोष्ट का पटली नाही हे मराठीत चार वाक्यांत सांगता येते का? वर्गातील 'छान आहे' या उत्तरामागे मला ही भीती दिसली होती. मत सांगता न येणे हे पुष्कळदा मत नसल्यामुळे घडत नाही, तर ते सांगण्याची त्या भाषेत सवय नसल्यामुळे घडते.

यात आणखी एक अडथळा आहे. आपण घरी 'मला' ऐवजी 'मले' म्हणतो, 'का' ऐवजी 'काहून' म्हणतो. पुस्तकातील मराठी निराळी दिसली की मुलांना वाटते, आपली मराठी अशुद्ध, मग तोंड न उघडलेलेच बरे. त्यांना मी दोन पुस्तके दाखवितो. उद्धव शेळके यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली 'धग' ही कादंबरी मोठ्या विद्यार्थ्यांनी वाचावी. तीत कौतिक नावाच्या कष्टाळू बाईची कथा आहे आणि तिच्यातील माणसे आपल्यासारखी वऱ्हाडी बोलतात. मराठीच्या मान्यवर कादंबऱ्यांत तिची गणना होते. दुसरे पुस्तक प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास'. ती कादंबरी नसून लंपन नावाच्या मुलाच्या एकमेकींत गुंफलेल्या कथा आहेत. लंपन बेळगावकडील, आजीआजोबांपाशी वाढणारा. त्याच्या मराठीत कानडीचे शब्द आणि वळणे सहज मिसळलेली आहेत, जशी आपल्या मराठीत हिंदीची मिसळतात. सीमेवरच्या मुलाची मराठी जशीच्या तशी पुस्तकात आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती प्रेमाने वाचली. 'वनवास' वाचून आमच्या वर्गातील एका अबोल विद्यार्थ्याने वहीत लिहिले, "हा पोरगा माझ्यासारखा बोलते." मी त्या वाक्यातील एक अक्षरही दुरुस्त केले नाही.

वहीचा उल्लेख आला, तेव्हा तिच्याविषयीही सांगतो. त्या दोन दिवसांनंतर ग्रंथालयात आम्ही एक जाड वही ठेवली आहे. पुस्तक परत करणाऱ्याने तीत आठदहा ओळी लिहावयाच्या. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, गोष्टीतील पेच, मनात राहिलेला एक प्रसंग आणि आपले मत कारणासह, एवढे पुरे. खाली जागा सोडावयाची, म्हणजे तेच पुस्तक पुढे वाचणाऱ्याला उत्तर लिहिता येते. 'फास्टर फेणे'खाली एकाने लिहिले आहे, "संकटातून तो नेहमीच सुटतो, म्हणून मला भीती वाटत नाही." त्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर आहे, "तो सुटणार हे मलाही माहीत असते. कसा सुटणार, यासाठी मी वाचतो." समीक्षेच्या मोठ्या ग्रंथांत ज्या प्रश्नाची चर्चा चालते, तो प्रश्न सातवीतील दोन मुलांनी तीन ओळींत मांडला आहे! घरी पुस्तके नसतील त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर व मोबाइलवरही वाचावयास मिळतात.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत एक तरी मराठी कादंबरी घरी न्या. ती वाचून झाल्यावर आजीला, आईला किंवा शेजारच्या मित्राला तिच्याविषयी सांगा. आपल्या घरच्या मराठीत सांगा. ते "काहून?" असे विचारतील, तेव्हा पुस्तक उघडून ते पान दाखवा. आणि शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला मी जेव्हा तोच प्रश्न विचारीन, तेव्हा मागच्या बाकावरून कोणी "मला नाही आवडली" असे म्हणाले, तर मी रागावणार नाही, हे वचन मी या पानावर सर्वांसमक्ष देऊन ठेवतो.